शेजारच्या राज्याचा कचरा अडवता का येत नाही, आणि मग हातात काय उरते

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान टाउनशिपमध्ये, म्हणजे स्वतःचा स्थानिक कारभार असलेल्या गावात, राहतो. जवळच मोठे लँडफिल, म्हणजे कचरा पुरण्याची जागा, आहे. सकाळपासून न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीच्या कचऱ्याचे ट्रेलर येत राहतात, आणि आता लँडफिल वाढवण्याचा अर्ज दाखल झाला आहे. राज्य सरकार बाहेरच्या कचऱ्यावर सरळ बंदी का घालत नाही? मी मूळची नागपूरची. भोपाळचा विषारी कचरा नागपूरला आणायचे घाटत होते तेव्हा महाराष्ट्राने नाही म्हटले आणि तो आला नाही. इथे तसे का होत नाही? आणि आम्ही गावकऱ्यांनी करायचे काय?"

ताई, मी न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियाच्या पट्ट्यात लँडफिलच्या परवान्यांचे काम केले आहे, आधी कंपन्यांसाठी आणि नंतर टाउनशिपांसाठी. आधी सरळ उत्तर देतो. कचरा कुठून आला एवढ्याच कारणावरून पेनसिल्व्हेनिया तो अडवू शकत नाही. बाहेरचा म्हणून त्यावर जास्त फीही लावू शकत नाही. मात्र कचरा कुठलाही असो, तो किती घ्यायचा, कोणत्या ट्रकने आणायचा, कशा खड्ड्यात टाकायचा, त्याचे पाणी कुठे जायचे आणि गावाला त्याबद्दल काय मिळायचे, हे सगळे राज्य ठरवू शकते. आंदोलने करणारी बहुतेक गावे आपली सगळी ताकद पहिल्या, बंद असलेल्या दारावर घालवतात. दुसरे दार उघडे असते, पण त्याची मुदत निघून जाते. म्हणून हे इतके सविस्तर लिहितो आहे.

पहिले दार बंद झाले ते १९७८ साली. न्यू जर्सीने १९७३ मध्ये कायदा केला होता की राज्याबाहेर तयार झालेला किंवा गोळा केलेला घन वा द्रव कचरा आत आणायचा नाही. डेलावेअर नदीच्या पलीकडच्या फिलाडेल्फिया शहराचा कचरा तेव्हा न्यू जर्सीतल्या खाजगी लँडफिलमध्ये जात असे. कायदा आल्यावर लँडफिलचे मालक आणि ज्यांचा त्यांच्याशी करार होता ती शहरे कोर्टात गेली. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्यांच्या मते हा आरोग्याचा आणि पर्यावरणाचा कायदा होता, व्यापार अडवण्याचा नव्हता. पण २३ जून १९७८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी तो रद्द ठरवला.

त्यामागचा विचार नीट समजून घ्या, कारण पुढचा प्रत्येक निकाल त्यावरच उभा आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेने राज्याराज्यांतल्या व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे, म्हणजे संघराज्याच्या संसदेकडे दिले आहे. न्यायालयांनी त्यातून असा अर्थ काढला की काँग्रेस गप्प असली तरी राज्यांनी परराज्याच्या मालाशी दुजाभाव करायचा नाही. कचरा हा 'माल' आहे का, असा युक्तिवाद झालाच. टाकून दिलेल्या वस्तूला किंमत नसते, मग तिचा व्यापार कसला? न्यायालयाने तो फेटाळला. कचऱ्याची विल्हेवाट लावायला लोक पैसे देतात आणि घेतात, तोच व्यापार. दुसरा युक्तिवाद रोगराईच्या नाकेबंदीचा होता. रोगट गुरे राज्य सीमेवर अडवू शकते, मग कचरा का नाही? न्यायमूर्ती रेनक्विस्ट यांनी आपल्या विरोधी मतात हाच मुद्दा लावून धरला. बहुमताचे म्हणणे असे की रोगट गुरे आणताना वाटेतच रोग पसरवतात. कचऱ्याचा त्रास होतो तो तो खड्ड्यात पडल्यावर. आणि एकदा खड्ड्यात पडला की फिलाडेल्फियाचा कचरा आणि न्यू जर्सीचा कचरा यांत काडीचा फरक उरत नाही. त्रास सारखा असेल तर नियमही सारखाच हवा.

निकालात आणखी एक इशारा होता: आज न्यू जर्सी दार लावते आहे, उद्या तिलाच आपला कचरा पेनसिल्व्हेनियाला किंवा न्यू यॉर्कला पाठवावा लागेल. झालेही तसेच. दहा-एक वर्षांत न्यू जर्सीची लँडफिल भरत आली आणि ते राज्य मोठा निर्यातदार झाले. तुमच्या दारातले ट्रेलर त्याच इतिहासातून येतात.

हा निकाल मला पटतो. तुमच्या टाउनशिपसारख्या गावांचे हाल जवळून पाहूनही पटतो. प्रत्येक राज्याने दार लावले असते तर नंतर प्रत्येक काउंटीने, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्याने, लावले असते, मग प्रत्येक गावाने. १९८७ साली लाँग आयलंडवरच्या आयस्लिप गावाच्या नावाने गाजलेला ३,००० टनांहून अधिक कचऱ्याचा बार्ज (सपाट मालवाहू नौका) नॉर्थ कॅरोलायनापासून मेक्सिको आणि बेलीझपर्यंत फिरला, कोणी उतरवून घेतला नाही आणि तो न्यू यॉर्कला परत आला. शेवटी कचरा ब्रुकलिनमध्ये जाळला आणि राख आयस्लिपमध्ये पुरली. सगळ्यांनी नाही म्हटले की कचरा नाहीसा होत नाही, तो नुसता फिरत राहतो.

राज्यांनी मग आडवाटा शोधल्या आणि एकेक करून त्या बंद झाल्या. मिशिगनने राज्याऐवजी काउंटीच्या हद्दीवर बंदी घातली: काउंटीच्या आराखड्यात परवानगी नसेल तर बाहेरचा कचरा घ्यायचा नाही, मग तो शेजारच्या काउंटीचा असो की शेजारच्या राज्याचा. म्हणजे आम्ही परराज्यावर अन्याय करत नाही, सगळ्याच बाहेरच्यांना सारखे अडवतो, असा बचाव. १ जून १९९२ रोजी तो कोसळला. त्याच दिवशी अलाबामाचाही निकाल लागला. तिथे समटर काउंटीत एमेल गावाजवळ घातक कचऱ्याचे प्रचंड लँडफिल होते. राज्याने सगळ्या घातक कचऱ्यावर टनामागे २५.६० डॉलर आणि परराज्याच्या कचऱ्यावर आणखी ७२ डॉलर लावले होते. ते ७२ डॉलर गेले. दोन वर्षांनी ऑरेगॉन आले. राज्याच्या कचऱ्यावर टनाला ८५ सेंट, बाहेरच्यावर २.२५ डॉलर. इथले लोक तसेही कर भरतात, बाहेरच्यांनी आपला वाटा द्यावा, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयाने विचारले, तो वाटा नेमका किती हे तुम्ही दाखवले कुठे? तेही गेले.

समटर काउंटीचा विचार मात्र मला सोडत नाही. अलाबामाच्या गरीब पट्ट्यातली, कृष्णवर्णीय बहुसंख्य असलेली ही काउंटी. देशभरच्या कारखान्यांचे विष तिथे येऊन पडले. कायद्याच्या दृष्टीने दुजाभाव अलाबामा सरकारने केला, आणि निकाल त्या चौकटीत बरोबरच आहे. पण विष पुरायला हीच जागा का निवडली गेली, या प्रश्नाला व्यापाराच्या कलमात उत्तर नाही आणि ते तिथे शोधूही नये. उत्तर जागा निवडण्याच्या आणि परवाना देण्याच्या टप्प्यावर असते. तुमच्या बाबतीतही तो टप्पा आत्ता चालू आहे.

व्हर्जिनियाचा किस्सा तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा, म्हणून जरा थांबून सांगतो. न्यू यॉर्क शहराचा कचरा १९४८ पासून स्टॅटन आयलंडवरच्या फ्रेश किल्स या अवाढव्य डेपोत जात होता. तो बंद करायचा निर्णय झाला आणि मार्च २००१ मध्ये तो बंद झाला (११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर ढिगाऱ्यासाठी तो काही काळ पुन्हा उघडावा लागला). एवढ्या शहराचा रोजचा कचरा मग बाहेर जाणार, हे सगळ्यांना आधीच दिसत होते. पेनसिल्व्हेनियाच्या खालोखाल व्हर्जिनिया तेव्हा परराज्याचा कचरा घेणारे दुसरे मोठे राज्य होते. गव्हर्नर जिम गिलमोर यांच्या काळात, १९९९ मध्ये, व्हर्जिनियाने कायदे केले: लँडफिलने रोज किती कचरा घ्यायचा यावर कमाल मर्यादा, काही नद्यांतून कचऱ्याच्या बार्जना बंदी, बार्जवर कंटेनर किती उंच रचायचे यावर बंधन. कायद्याच्या शब्दांत 'परराज्य' कुठेच नव्हते. तरीही कंपन्या कोर्टात गेल्या आणि २००१ मध्ये फेडरल, म्हणजे संघराज्याच्या, अपील न्यायालयात मुख्य तरतुदी टिकल्या नाहीत. कारण नेत्यांच्या भाषणांतून, पत्रकांतून उद्देश उघड झाला होता: न्यू यॉर्कचा कचरा रोखणे. मर्यादाही अशा बेताने आखलेल्या की झळ बसणार ती बाहेरून कचरा आणणाऱ्या मोजक्या मोठ्या लँडफिलनाच.

यातून टाउनशिपच्या सभेसाठी एक फार व्यावहारिक गोष्ट निघते. सुपरवायझरांना, म्हणजे टाउनशिपच्या निवडून आलेल्या कारभाऱ्यांना, सांगा, सभेच्या इतिवृत्तात 'न्यू यॉर्कचा कचरा नको' असे एक वाक्यही येऊ देऊ नका. भाषणात नको, फलकावर नको, ठरावात तर नकोच. वास, ट्रक, विहिरी, उंची, प्रमाण यांवर बोला. कंपनीचे वकील प्रत्येक इतिवृत्त मागवून वाचतात आणि पुरावा म्हणून जोडतात.

व्हर्जिनियातच या प्रश्नाची दुसरी बाजूही आहे. चार्ल्स सिटी काउंटी लहान आणि गरीब. तिने स्वतःहून मोठे लँडफिल घेतले आणि त्याच्या फीमधून शाळा बांधल्या, घरपट्टी कमी केली. राज्याने बंदी घातली असती तर त्या काउंटीचे उत्पन्न गेले असते. म्हणजे 'राज्य' आणि 'गाव' यांचे हित नेहमी एकच असते असे समजू नका.

आता कचरा इतका लांब येतोच का, हे पाहू. १९८८ साली अमेरिकेत जवळपास ८,००० लँडफिल होती. बरीचशी गावोगावची, खाली अस्तर नसलेली, शब्दशः जमिनीत खणलेले खड्डे. १९९१ मध्ये फेडरल पर्यावरण संस्थेने नियम कडक केले: तळाला चिकणमाती आणि प्लॅस्टिकचे अस्तर, झिरपणारे घाण पाणी म्हणजे लीचेट गोळा करणाऱ्या नळ्या, भूजलाची तपासणी, बंद झाल्यावरही ३० वर्षे देखभाल आणि त्या खर्चाची आर्थिक हमी. नियम उत्तम होते. पण एवढा खर्च लहान गावाला झेपेना. छोटी लँडफिल धडाधड बंद झाली आणि २००७ पर्यंत १,८०० च्याही खाली आली. उरली ती मोठी, खाजगी, प्रादेशिक. मोठ्या लँडफिलला खर्च भरून काढायला रोज हजारो टन लागतात, आणि ते आसपासच्या दोन काउंटींतून मिळत नाहीत. उलट बाजूला न्यू यॉर्क शहरात एक लँडफिलही उरलेले नाही. त्या शहराचा कचरा आज रेल्वेने व्हर्जिनियाला, साउथ कॅरोलायनाला आणि न्यू यॉर्क राज्याच्याच पश्चिम भागात जातो, काही न्यूआर्कच्या भट्टीत जळतो. टन उतरवायची फी, म्हणजे टिपिंग फी, जिथे कमी तिथे कचरा वळतो. वाहतूक धरूनही स्वस्त पडले की मैलांचा हिशेब कोणी करत नाही. २००५ साली राज्याराज्यांत हलणारा शहरी कचरा ४ कोटी टनांहून अधिक होता आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पेनसिल्व्हेनियाने घेतला. चांगली भौगोलिक जागा, चांगले महामार्ग आणि परवाना मिळालेली भरपूर क्षमता, ही त्याची कारणे. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे, कारण क्षमता राज्यानेच मंजूर केलेली असते.

कचरा आत येऊ देणे जसे अडवता येत नाही, तसे तो बाहेर जाण्यापासून रोखणेही सहज जमत नाही. न्यू यॉर्क राज्यातल्या क्लार्क्सटाउन गावाने एका खाजगी ठेकेदाराकडून १४ लाख डॉलरचे ट्रान्सफर स्टेशन (कचरा गोळा करून पुढे पाठवण्याचे केंद्र) बांधून घेतले. ठेकेदाराने ते पाच वर्षे चालवून एक डॉलरला गावाला द्यायचे, आणि गावाने त्याला वर्षाला १,२०,००० टन कचऱ्याची हमी द्यायची. फी टनाला ८१ डॉलर, बाजारभावापेक्षा जास्त. हमी पाळण्यासाठी गावाने वटहुकूम काढला: गावातला सगळा कचरा याच स्टेशनवरून गेला पाहिजे. कार्बोन नावाची दुसरी कंपनी तो चोरून परस्पर बाहेर पाठवत होती. मार्च १९९१ मध्ये पॅलिसेड्स पार्कवेवर एक ट्रेलर पुलाला धडकला आणि पोलिसांना आत कचऱ्याचे २३ गठ्ठे सापडले. ते इंडियानाच्या लँडफिलकडे निघाले होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९४ मध्ये वटहुकूम रद्द झाला: एका स्थानिक धंद्यासाठी बाकीच्यांना दार बंद करता येणार नाही. पण २००७ मध्ये त्याच राज्यातल्या ओनायडा आणि हर्किमर काउंटींचा जवळजवळ तसाच नियम न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी टिकवला. फरक एकच होता, तिथले स्टेशन सरकारी मालकीचे होते. कचऱ्याची व्यवस्था हे गावच्या सरकारचे जुने काम. ते स्वतः करत असेल तर त्याला खाजगी धंद्याच्या तराजूत तोलायचे नाही, असे न्यायालयाने म्हटले.

मालकीचा हा धागा पेनसिल्व्हेनियातही आहे. लायकमिंग काउंटीच्या स्वतःच्या लँडफिलने स्थानिक कचऱ्याला प्राधान्य दिले, बाहेरच्यांना कमी जागा ठेवली. १९८९ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ते मान्य केले, कारण काउंटी तिथे कायदा करणारी नव्हती, आपली जागा विकणारी मालक होती. सरकारी लँडफिल बाहेरच्याला नाही म्हणू शकते. खाजगी लँडफिलला तसे म्हणायला सरकार भाग पाडू शकत नाही. तुमचे लँडफिल खाजगी असल्यास हा रस्ता नाही, पण शेजारच्या काउंटीत नवे लँडफिल येत असेल तर 'ते कोणाच्या मालकीचे' हा पहिला प्रश्न विचारा.

बंद दार एकच संस्था उघडू शकते, ती म्हणजे काँग्रेस. तिने ठरवले तर राज्यांना बाहेरचा कचरा अडवण्याचा अधिकार देता येतो. एका प्रकारच्या कचऱ्यासाठी तिने तो दिलाही आहे. कमी तीव्रतेच्या किरणोत्सारी कचऱ्यासाठी १९८० आणि १९८५ च्या कायद्यांनी राज्यांना आपसांत गट करून गटाबाहेरच्यांना नाकारण्याची मुभा दिली. साउथ कॅरोलायनातले बार्नवेल येथील केंद्र २००८ पासून फक्त त्या राज्याला आणि त्याच्या गटातल्या न्यू जर्सी व कनेक्टिकटला खुले आहे. साध्या कचऱ्यासाठीही प्रयत्न झाले. १९९५ मध्ये सेनेटने तसे विधेयक मोठ्या बहुमताने मंजूर केले. प्रतिनिधीगृहात ते अडले. नंतरही विधेयके येत राहिली आणि जिरत राहिली, कारण निर्यात करणाऱ्या राज्यांची मते थोडी नाहीत. काँग्रेसने निदान गावाच्या संमतीची अट तरी घालायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे. गावाने करार केला असेल तर कचरा यावा, नसेल तर नवी क्षमता बाहेरच्यांना मिळू नये. चार्ल्स सिटीला शाळा बांधता आल्या असत्या आणि नाही म्हणणाऱ्या गावालाही नाही म्हणता आले असते.

इथे तुमच्या नागपूरच्या प्रश्नाला उत्तर मिळते. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातला विषारी कचरा आधी गुजरातेत अंकलेश्वरला जाळायचे ठरले, गुजरातने नकार दिला. २०११ मध्ये नागपूरजवळची डीआरडीओची भट्टी पुढे आली. महाराष्ट्रातून विरोध झाला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले आणि कचरा नागपूरला गेला नाही. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये १२ कंटेनरमधून ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातच पिथमपूरला नेला आणि तिथे जाळला. तिथल्या लोकांनीही रस्त्यावर उतरून विरोध केला. भारतात राज्याचा नकार असा लागू पडतो, कारण केंद्राच्या नियमांनीच राज्यांना त्यात जागा दिली आहे. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार अंतिम विल्हेवाटीसाठी घातक कचरा दुसऱ्या राज्यात न्यायचा तर दोन्ही राज्यांच्या प्रदूषण नियंत्रण मंडळांचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. पुनर्वापरासाठी किंवा सिमेंटच्या भट्टीत वापरण्यासाठी असेल तर पूर्वसूचना पुरते. सोबत सात प्रतींचे मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्याच्या प्रवासाचे नोंदपत्र, फिरते. अमेरिकेतही घातक कचऱ्याबरोबर मॅनिफेस्ट असते, २०१८ पासून ते संगणकावरही भरता येते. पण त्यातून कचरा वाटेत गायब झाला नाही एवढे कळते. घेणाऱ्या राज्याची संमती हा त्याचा भाग नाही. महाराष्ट्राच्या हातात जो ना हरकतीचा कागद आहे, तो पेनसिल्व्हेनियाच्या हातात नाही.

कागद असला म्हणजे कचरा थांबतोच असेही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ केरळच्या रुग्णालयांचा कचरा उघड्यावर टाकलेला सापडला. राष्ट्रीय हरित लवादाच्या दक्षिण खंडपीठाने केरळला तो परत न्यायला लावले आणि केरळने ट्रक पाठवून तो उचलला. कचरा ज्याचा त्याने परत न्यावा, हा आदेश मला फार आवडला. त्यासाठी कचरा कोणाचा हे सिद्ध व्हावे लागते, आणि तिथे रुग्णालयांचे कागदच ढिगाऱ्यात मिळाले होते.

आता तुमचे लँडफिल. सगळ्यांना सारखे लागू होणारे नियम पेनसिल्व्हेनियाने बरेच केले आहेत आणि त्यांतले काही थेट तुमच्या हातात आहेत. १९८८ च्या १०१ क्रमांकाच्या कायद्याने यजमान टाउनशिपला, म्हणजे जिच्या हद्दीत लँडफिल आहे तिला, टनामागे किमान एक डॉलर मिळतो. 'किमान' हा शब्द लक्षात ठेवा. वाढीव परवान्याच्या वेळी कंपनीला गावाचा पाठिंबा हवा असतो, आणि जास्त दराची बोलणी तेव्हाच होतात, नंतर नाही. त्याच कायद्याने टाउनशिपला स्वतःचा प्रशिक्षित निरीक्षक नेमता येतो, त्याला लँडफिलमध्ये जाऊन पाहण्याचा अधिकार असतो आणि खर्चाचा काही भाग राज्य देते. हे पद रिकामे ठेवणाऱ्या टाउनशिपा मी पाहिल्या आहेत आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. राज्याचा निरीक्षक अधूनमधून येतो. गावचा निरीक्षक रोज पहाटे जाऊ शकतो, आणि ट्रकच्या रांगा, उघडी पडलेली कचऱ्याची बाजू, वास हे सगळे पहाटेच दिसते. लँडफिलला लागून ज्यांची जमीन आहे त्यांनी लेखी मागितले तर त्यांच्या विहिरीचे पाणी दर तिमाहीला कंपनीच्या खर्चाने तपासावे लागते. तुमच्या शेजाऱ्यांपैकी कोणाची जमीन लागून असेल तर आजच पत्र द्या. विस्तार होण्यापूर्वीच्या पाण्याची नोंद हातात असणे पुढे फार कामाला येते.

ट्रकांसाठी २००२ चा ९० क्रमांकाचा कायदा आहे. कचरा वाहणाऱ्या मोठ्या ट्रकला राज्याचे लेखी अधिकारपत्र लागते, आणि वारंवार नियम मोडणाऱ्याचे ते काढून घेता येते. टनामागे ४ डॉलरची फीही याच कायद्याने आली. ती न्यू यॉर्कच्या कचऱ्यालाही लागते आणि तुमच्या घरच्या कचऱ्यालाही, म्हणूनच टिकली. गळणारा, न झाकलेला किंवा घाण सांडणारा ट्रक दिसला तर अधिकारपत्राचा क्रमांक, तारीख, वेळ लिहून ठेवा. एका तक्रारीने काही होत नाही. एकाच कंपनीविरुद्धच्या वहीभर नोंदींनी होते.

विस्ताराचा अर्ज हा मात्र खरा आखाडा. पेनसिल्व्हेनियाच्या नियमांत अर्जदाराला दाखवावे लागते की प्रकल्पाचे फायदे त्याच्या हानीपेक्षा स्पष्टपणे जास्त आहेत. कंपन्यांनी या कसोटीला आव्हान दिले होते. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती कायम ठेवली. अर्जाचा हा भाग मिळवा आणि ओळ न ओळ वाचा. फायद्यांच्या यादीत कंपनी यजमान फी, रोजगार, मोफत कचरा उचलणे वगैरे लिहिते. हानीच्या यादीत वास, ट्रकचा आवाज, पक्षी, डोंगराएवढ्या ढिगाऱ्याचे दृश्य या गोष्टी 'उपाय केले आहेत' म्हणून निकालात काढलेल्या असतात. तिथे तुमच्या नोंदी लागतात: कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठपर्यंत वास आला, शाळेची मुले आत बसवावी लागली का. 'आम्हाला त्रास होतो' या वाक्याला राज्याच्या पर्यावरण खात्याच्या फाइलमध्ये वजन नसते. दोन वर्षांच्या तारीखवार वहीला असते.

परवान्यात दोन आकडे असतात, रोजचे सरासरी आणि रोजचे कमाल टन. कचरा कुठून येतो यावर बोलता येत नसले तरी किती यावा यावर बोलता येते, आणि रस्ते, वास, लीचेट यांच्या आधारे कमी आकडा मागता येतो. लीचेट कुठे जाते तेही विचारा. ते गावच्या सांडपाणी केंद्रात जात असेल तर ते केंद्र त्यासाठी बांधलेले आहे का, आणि विस्तारानंतरचे वाढीव पाणी त्याला झेपेल का, हा स्वतंत्र आणि दमदार मुद्दा आहे. बंद झाल्यानंतरच्या ३० वर्षांची हमीची रक्कम आजच्या भावाने काढली आहे की जुन्या, हेही तपासून घ्या.

कंपनीशी होणारा यजमान करार वकिलाकडून लिहून घ्या, तोही लँडफिलचे काम केलेल्या वकिलाकडून. त्यात ट्रकचे मार्ग आणि वेळा, शाळा सुटण्याच्या वेळेची बंदी, चाके धुण्याची सोय, वासाच्या तक्रारीला किती तासांत उत्तर, अंतिम उंची, पुन्हा विस्तार न मागण्याची मुदत आणि लगतच्या घरांच्या किमतीची हमी एवढे तरी असू द्या. फी महागाईबरोबर वाढेल असेही कलम हवे, नाहीतर वीस वर्षांनी तो डॉलर नावापुरता उरतो.

खात्याने परवाना मंजूर केलाच तर सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत पर्यावरण सुनावणी मंडळाकडे अपील करता येते. ही मुदत सहसा वाढवून मिळत नाही. निकाल लागल्यावर वकील आणि भूजलाचा जाणकार शोधायला बसलात तर ते दिवस तिथेच संपतील. अर्ज अजून विचाराधीन आहे तोवर दोघांशी बोलून ठेवा, कागदपत्रे त्यांच्याकडे देऊन ठेवा, आणि अपील टाउनशिप करणार की रहिवाशांचा गट, हे याच महिन्यातल्या सभेत ठरवून घ्या.